दुसऱ्याच्या नंबरावर औषध

मानसोपचाराच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा मी केसपेपरवर मेव्हण्याचं नाव सांगितलं. माझं स्वतःचं नाव माझ्याजवळ होतं, चांगलं होतं, आई-बापानं रीतसर बारसं करून ठेवलं होतं. तरी सांगितलं नाही.

असल्या मूर्खपणाला निदान पोटापाण्याचं तरी कारण असावं, तेही नव्हतं. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. वालूरच्या बाजूचं गाव, दोन खोल्यांचा दवाखाना, त्याला लागून आमचं घर. खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, म्हणून बाकीचे पाच दिवस लोक मलाच डॉक्टर म्हणतात आणि मीही कुणाला दुरुस्त करत नाही. आमच्या घराण्यात मेंढ्या होत्या. माझा बाप आख्ख्या कळपाकडं एकदा बघून सांगायचा की कुठल्या मेंढीनं सकाळपासून रवंथ केलेला नाही. त्या बापाचा मी मुलगा, वर सरकारचं प्रमाणपत्र. आणि मला स्वतःचा आजार ओळखायला पाऊण वर्ष लागलं.

माझी अडचण अशी झाली की मला उदास वाटतच नव्हतं. उदास माणूस खिडकीत बसतो, उसासे टाकतो, अशी माझी समजूत. मी कुठं उसासे टाकत होतो? मला राग येत होता. चहाच्या गाळणीचा राग यायचा. मोज्यांचा यायचा. सकाळी बाजेवर बसून एक मोजा चढवायचा आणि दुसरा हातात धरून अर्धा तास त्याच्याकडं बघत बसायचं, आणि बायकोनं ‘उशीर व्हायलाय’ म्हटलं की तो मोजा भिंतीवर फेकायचा. सुट्टीत आलेल्या पोरानं ‘पप्पा, गाडीची चावी’ एवढे तीन शब्द उच्चारले तर मी त्याला त्याच्या जन्मापासूनच्या चुका ऐकवल्या. जेवताना भाकरी तोंडात फिरायची, गिळवत नसे, त्याचा राग भाकरी करणारणीवर.

आणि मी गावातला हसवणारा माणूस! बारसं असो, जावळं असो, चार माणसं जमली की ‘डॉक्टर, ती रेड्याची गोष्ट सांगा’ ठरलेलं. रेड्यानं मला उकिरड्यात पाडलं ती गोष्ट. त्या काळातही मी ती सांगत होतो, जिथं थांबायचं तिथं थांबत होतो, लोक लोळून हसत होते आणि मला त्यांच्या उघड्या तोंडांकडं बघून वाटायचं, ह्या सगळ्यांना जंताचं औषध पाजून घरी हाकलावं.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो, पुढं त्याचं काम आहे. सरकार जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला मारतं. प्रत्येक जनावराचा नंबर वेगळा. लस, औषध, सगळं त्या नंबरावर चढतं. एक गडी नवी घेतलेली म्हैस घेऊन आला. तिला बिल्ला नव्हता, म्हणून ह्या पठ्ठ्यानं विकलेल्या म्हशीचा जुना बिल्ला सुतळीनं हिच्या कानाला बांधून आणलेला. एरवी मी हसून वेडा झालो असतो आणि त्याची गोष्ट करून वर्षभर वापरली असती. त्या दिवशी मी अंगणात उभा राहून असा ओरडलो की शाळेतली पोरं बाहेर आली. “ज्याचा बिल्ला त्याच्याच कानात! दुसऱ्याच्या नंबरावर औषध द्यायला मी येडा हाव का?” भिंतीपलीकडं धुणं धुणाऱ्या बायकोनं ते शब्दन् शब्द ऐकलं. मला वाटलं, ऐकलं ते बरंच झालं, जरा धाक राहतो.

उपाय सांगणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. ‘टेन्शन घेऊ नका,’ असं सांगणाऱ्यांचा मला आजही राग येतो. जसं काही टेन्शन मी बाजारातून पिशवी घेऊन आणत होतो! ‘मन खंबीर ठेवा.’ कशात ठेवू? डब्यात? एकानं सांगितलं, सकाळी अनवाणी गवतावर चाला. मी जन्मभर गवतावरच चाललोय, मेंढ्यांच्या मागं. बायकोनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या; मोहऱ्या तडतडल्या तशी ती म्हणाली, “बघा, केवढी नजर लागली होती.” मी म्हणालो, “मोहरी हाय ती, तडतडणारच.” चार दिवस बोलणं बंद.

ओळखलं ते एका मेंढकी म्हातारीनं. दरसाल तिच्या मेंढ्या आमच्या शिवारात बसायला येतात. तिनं बोलावलं म्हणून गेलो. एक मेंढी कळपापासून दूर, बांधाकडं तोंड करून उभी.

“कवापासून?” मी विचारलं.

“आठ दिस झाले, सायेब.”

“खाती का?”

“म्होरं टाकलं तर हुंगती. खात न्हाई.”

“कळपात?”

“न्हाई जात. अलग उभी ऱ्हाती. पिलू जवळ आलं तर ढुशी मारती.”

मी नेहमीप्रमाणं पेटलो. “आठ दिवस काय झोपा काढत होतीस? आजारी जनावर कुणी असं ठेवतं का? वेळेवर आणायचं कळत न्हाई तुमाला!”

म्हातारी मेंढीचं तोंड धरून बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मी तर आठ दिसात बोलावलं, सायेब. तुमी कवा जानार? पयले आले की ह्या बाभळीखाली बसून तासभर गप्पा हानायचे. माज्या सुना हसून हसून बेजार. आता सुई मारली की पळायलाव. कोनाकडं बघत बी न्हाई. मी मेंढरं वळती, सायेब, मला दिसतं.”

मला इतका संताप आला की मेंढीला टोचायची सुई मी माझ्याच अंगठ्यात टोचून घेतली. गाडी काढली आणि पुलापर्यंत तिला शिव्या देत गेलो. पुलावर शिव्या संपल्या. गाडी लावून कठड्यावर बसलो आणि ध्यानात आलं की मी मघाशी विचारलेल्या एकूण एक प्रश्नाचं उत्तर माझंही तेच आहे.

पुढच्या आठवड्यात बायकोला ‘जिल्ह्याला मीटिंग’ सांगून परभणी गाठली. दवाखाना चष्म्याच्या दुकानाच्या वर. मी हेल्मेट घालूनच जिना चढलो. गाडीवर असताना मी हेल्मेट कधी घातलं नाही, जिन्यात घातलं. आत सगळे तसलेच. कुणी गमछा बांधलेला, कुणी पदर ओढलेला. समोरच्या गमछ्यातल्या माणसाला मी ओळखत होतो आणि तो मला. दोघांनीही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

काउंटरच्या बाईनं विचारलं, “नाव?” आणि माझ्या तोंडून मेव्हण्याचं नाव निघालं.

बायकोचा धाकटा भाऊ. मानवतला त्याचं खता-बियाण्याचं दुकान. त्याचंच का निघालं, हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आदल्या रविवारी त्याच्या मुलीला बघायला पूर्णेचे पाहुणे आले होते. मुलगा रेल्वेत, माणसं बरी. मी कोपऱ्यात बसलेलो. मेव्हणा सगळ्यांसमोर म्हणाला, “दाजी, जरा हसा की! फुकट हाय.” पाहुणे हसले. मी ते मनात धरून ठेवलं होतं. काउंटरपाशी वाटलं, उद्या गावभर झालंच तर ह्याचं होऊ दे. आजारी होतो म्हणून हे केलं असं म्हणायची सोय आहे. पण हे मी धडधाकट असतानाही केलं असतं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. कागद बघून म्हणाल्या, “दुकान कसं चाललंय?” आता आली का पंचाईत! मग मी युरियाच्या टंचाईवर दहा मिनिटं बोललो. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, “सकाळी उठल्यावर पहिला विचार कुठला येतो?” मला मेव्हण्याचा पहिला विचार काय असतो ते माहीत नव्हतं, म्हणून नाइलाजानं माझा सांगितला. म्हणालो, रोज वाटतं, आज उठलोच नसतो तर बरं झालं असतं. हे मी तोपर्यंत कुणाला, अगदी स्वतःलाही, सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सरळ विचारलं, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, तसं काही ठरवलंय का. इतकं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, ठरवलं नाही. पण निघून जावंसं वाटतं. बोलता बोलता नाक गळायला लागलं आणि हेल्मेट मांडीवर असल्यामुळं रुमाल काढता येईना.

“हे डिप्रेशन आहे,” त्या म्हणाल्या. “आजार आहे. पुष्कळ पुरुषांमध्ये तो रागाच्या रूपानं दिसतो.”

हे ऐकून मला राग आला.

त्यांनी गोळ्या लिहिल्या. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, मनानं बंद करू नका, रक्त तपासा, पंधरा दिवसांनी या, आणि तसला विचार वाढला तर वेळ न बघता फोन करा. शेवटी विचारलं, “दुसरी कुठली औषधं चालू आहेत?”

मला सहा वर्षांपासून ब्लडप्रेशरची गोळी आहे. पण मेव्हणा बैलासारखा माणूस, त्याला साधं पडसं माहीत नाही. मी म्हणालो, “नाही.” म्हणजे मेव्हण्याच्या तब्येतीविषयी अगदी खरं तेच सांगितलं.

गोळ्या आणि चिठ्ठी गाडीच्या डिकीत, जंताच्या औषधाच्या खोक्यात लपवल्या. पहिले दोन आठवडे तोंडाला कोरड, आणि मेंढीजवळून उठताना भोवळ. एकदा तर मी मेंढीलाच धरून उभा राहिलो. तिनं सहन केलं. पंधरा दिवसांनी मेव्हणा म्हणूनच पुन्हा दाखवून आलो, भोवळीचं बोललो नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा दवाखान्यात येऊन बसलो आणि सहज खाली बघितलं तर दोन्ही पायांत मोजे होते. कधी घातले ते आठवेना.

ह्याच सुमारास बायको बदलली. भाकरीवर तुपाची धार. आंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं. माझ्याकडं बघून पदरानं डोळे टिपायची. मी मनात म्हटलं, काय गोळी आहे! खातो मी आणि गुण हिला.

आठ दिवस असं तूप खाल्लं आणि नवव्या दिवशी भर दुपारी मेव्हणा आला. गाडी स्टँडवर न लावता अंगणातच आडवी टाकली.

“दाजी! कोन्या हरामखोरानं उठवलंय हे? मला डोक्याचं हाय म्हनं! गोळ्या चालू हायत म्हनं! पूर्णेवाल्यांनी निरोप धाडलाय, जरा थांबू म्हनून. माजी लेक दोन दिस जेवली न्हाई, दाजी!”

मला सगळं त्याच क्षणी कळलं. आणि मी काय केलं? मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडलो. “नाव सांग! जीभ हासडतो त्याची! कोण आहे तो, आणतो त्याला ओढून!” चोर सापडावा म्हणून चोरच कंदील घेऊन निघाला.

तेवढ्यात बायको बाहेर आली आणि भावाच्या तोंडावरनं हात फिरवत रडायलाच लागली. “भाऊ, कशाची लाज बाबा? आजारच हाय ना? हे गुपचूप तुज्या गोळ्या आनून द्यायलेत, एका शब्दानं बोलले न्हाईत मला. डिकीत चिठ्ठी बघितली मी तुज्या नावाची. फकस्त आईला सांगितलं, आन् आईला बी म्हनलं कोनाला सांगू नको.”

तिच्या आईनं कुणाला सांगू नको म्हणून एका बहिणीला सांगितलं. तिथून पूर्णेपर्यंत जायला आमच्याकडं रेल्वे लागत नाही.

मेव्हण्यानं आधी बहिणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “दाजी, मी आजारी हाव का?”

मी बाजेवर बसलो आणि सांगितलं.

बायको रडायची थांबली. आजाराचं तिनं एक अक्षर काढलं नाही. म्हणाली, “मला मीटिंग म्हनून सांगितलंत. एक खोली, एक चूल, आन् मी परकी. त्या काउंटरवालीला तरी माज्या भावाचं नाव सांगितलंत, मला काय सांगितलंत?” मग आत गेली आणि तुपाची बरणी फडताळात ठेवून कडी लावल्याचा आवाज आला.

मेव्हण्यानं मला मारलं असतं तर मोकळं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, “उद्या पूर्णेला. जे आता बोललाव ते तिथं बोलायचं. पोरीचं मोडलं तर मी तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवनार न्हाई.”

पूर्णेला गेलो. मुलाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. चहाचं नाव नाही. मी सांगितलं, की पेशंट मी आहे. नाव ह्याचं, आजार माझा. औषध चालू आहे, गुण येतोय.

त्यांनी बोटांवर काही नातं मोजलं. “म्हणजे तुम्ही मुलीच्या आत्याचे मालक.”

“हो.”

“म्हणजे रक्ताचे नाहीत.”

“नाही.”

“मग काय!” त्यांचा चेहरा उजळला. आत वळून म्हणाले, “अगं, चहा टाक, माझा बिनसाखरेचा. रक्तात नाही ते.”

मेव्हण्यानं सुटकेचा श्वास सोडला. काम झालं होतं. मी गप्प बसायला हवं होतं आणि ज्यासाठी आलो ते पदरात पडलं होतं. पण मला राग आला. आणि हा राग तो जुना, मोज्याचा, गाळणीचा राग नव्हता. गेल्या पाऊण वर्षात ज्याला काही कारण होतं असा हा पहिलाच राग.

“आणि रक्तात असता तर?” मी म्हणालो. मेव्हण्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी बोलत राहिलो. “बघायला आलात त्या रविवारी पोरगी पसंत होती. तिचं शिक्षण तेच, स्वभाव तोच. तिच्या बापानं एक गोळी घेतली तर तिच्यात काय उणं झालं? तुम्हाला शुगर आहे, मघाशी तुम्ही बिनसाखरेचा सांगितला. आम्ही विचारलं का, की तुमच्या पोराच्या रक्तात काय? ज्या गोठ्यात खुरकूत लपवतात ना, तो गोठा आधी बसतो, साहेब. वीस वर्षं मी लोकांना हे सांगतोय की आजार लपवू नका. आणि मी स्वतः हेल्मेट घालून जिना चढलो. कुणामुळं? तुमच्यासारख्यांमुळं! आणि माझ्यासारख्यांमुळं! कारण उद्या माझ्या पोराला मुलगी बघायची असती तर मीसुद्धा असाच बोटं मोजत बसलो असतो!”

चहा आला. मुलाचे वडील म्हणाले, “घ्या, गार होतोय.” एवढंच. कुणाचं मतपरिवर्तन वगैरे झालं नाही. येताना रेल्वेचं फाटक लागलं, मालगाडी गेली. फाटक उघडल्यावर मेव्हणा म्हणाला, “मोडलं असलं तर तुमच्या भाषनानं मोडलं, दाजी. आजारानं न्हाई.”

तिसऱ्या दिवशी पूर्णेचा होकार आला. ‘रक्तात नाही’ ह्यावरच आला, माझ्या भाषणावर नाही, हे मला पक्कं माहीत आहे आणि त्याचा राग मला आजही आहे. भाचीनं मात्र फोन केला. म्हणाली, “मामा, तुमी बोललाव ते पप्पांनी सांगितलं. गोळी चुकवू नका.” तिचा फोन ठेवून मी आधी गोळी घेतली.

पुढच्या तपासणीला बायको बरोबर आली. ‘मी येनार’ म्हणाली, विचारलं नाही. हेल्मेट घरीच राहिलं. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, नावापासून ब्लडप्रेशरच्या गोळीपर्यंत. नावावर त्या हसल्या. “म्हणजे माझा पहिला पेशंट ठणठणीत आहे तर.” गोळीवर हसल्या नाहीत. “नाव खोटं सांगितलंत ते एक वेळ ठीक. पण ब्लडप्रेशर लपवून ठेवलंत! भोवळ त्यामुळंच येत असेल. जनावराच्या मालकानं असं लपवलं तर तुम्ही काय करता?”

“ओरडतो,” मी म्हणालो.

“भिंतीपल्याड ऐकू येतं,” बायको म्हणाली.

बाईंनी जुना कागद माझ्या हातात दिला. “बाहेर जाऊन खऱ्या नावानं नवा केसपेपर करून आणा. मग सुरुवातीपासून बोलू.”

बाहेर तोच काउंटर, तीच बाई. बाकावर गमछे, पदर, सगळे आपापल्या कॅलेंडरकडं बघणारे. बाईनं पेन उचललं आणि विचारलं, “नाव?”

मी सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मोठ्यानं सांगायचं ठरवलं होतं, पण सांगितलं ते हळूच.

बाईनं दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. “गेल्या वेळी तर तुम्ही वेगळं नाव सांगितलं होतं. आता हे तरी खरं आहे का?”

मी खिशात आधारकार्ड चाचपायला लागलो. बायको पुढं झाली, पदर खोचला आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “खरं हाय, लिवा. पन बाई, कागदावर भागायचं न्हाई ह्यांचं. कानात बिल्ला मारा.”